दुपट्यातली बिजागरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आरोग्य समितीचे प्रमुख, माननीय अध्यक्षसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले, दर गुरुवारी आमच्या गल्लीतल्या बाळांच्या छातीला नळी लावणारे आणि बदल्यात त्यांच्या लाथा खाणारे आपले डॉक्टरसाहेब. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत आणि ज्यांना मघापासून त्या सिंहासनासारख्या खुर्चीत नीट बसता येत नाहीये, त्या आपल्या सिस्टरताई. समितीचे सर्व सन्माननीय सदस्य. समोर बसलेल्या आया, आज्या, मावश्या, आत्या. त्यांनी ओढून आणलेले बाबा आणि आजोबा. आणि भाषणातलं काही कळत नसल्यामुळे सगळ्यांत प्रामाणिकपणे रडत असलेले मांडीवरचे श्रोतेहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकबाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर एकच शब्द आहे, ‘थोडक्यात’. बाई, मी धंद्याने सुतार. सुताराला ‘कमी काप’ म्हणावं, ‘जास्त काप’ म्हणू नये. एकदा जास्त कापलं गेलं की ते जोडता येत नाही. तरी मी प्रयत्न करतो.

आत्ताच मानपत्राचं वाचन झालं. फार सुंदर मानपत्र आहे. चौकट आमच्या कारखान्यातली आहे म्हणून म्हणत नाही, मजकूरही चांगला आहे. त्यात ताईंना ‘अखंड तेवणारी ज्योत’ म्हटलं आहे. हे वाचलं जात असताना ताईंनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. वारा जास्त होता की काय कोण जाणे. पण मंडळी, मी मानपत्रातला माणूस नाही. मी भिंतीपलीकडचा माणूस आहे. या शिशु आरोग्य केंद्राचा इतिहास मी वाचलेला नाही, मी तो ऐकलेला आहे, आणि तोही फळीआडून.

नव्या लोकांसाठी सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठं जुनं गोदाम होतं. त्याच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन टाकून दोन भाग केले. एका भागात मी दुकान थाटलं. माझ्याकडे तेव्हा एक करवत, एक रंधा, एक कापायचं यंत्र आणि भरपूर तोंड एवढंच भांडवल होतं. दुसऱ्या भागात हे केंद्र आलं. मधलं प्लायवूड इतकं पातळ, की पलीकडे बाळाला उचकी लागली की अलीकडे माझा कारागीर पाणी प्यायचा.

हे केंद्र आलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. आमची गल्ली कपडे धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांची. सरकारी दवाखाना मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. बाळाला लस टोचायची म्हणजे अख्खा दिवस गेला, कामाचा खाडा झाला. तेव्हा या बायकांनी काय केलं? घोषणा दिल्या नाहीत, फलक धरले नाहीत. बाळं कडेवर घेतली आणि समितीच्या कार्यालयात जाऊन नुसत्या बसून राहिल्या. आत नवा गालिचा अंथरलेला होता. बाळांनी त्यावर जे करायचं ते केलं. मंजुरी त्याच दुपारी मिळाली.

आणि मग एका सकाळी हातात काटा घेऊन ताई आल्या. बाळ ठेवायचं पसरट ताट असलेला, पुढे तबकडी आणि तबकडीवर सुई असलेला तो काटा. तो त्यांनी बाळासारखाच छातीशी धरला होता. आत ठेवला आणि तडक माझ्या दुकानात आल्या.

“सुतारदादा, गुरुवारी सकाळी तुमचं यंत्र बंद राहील.”

विनंती नव्हे बरं का. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं, मी नीट ऐकलं.

“अहो ताई, माझं पोट आहे त्याच्यावर.”

“आणि माझी झोपलेली बाळं आहेत त्याच्या पलीकडे.”

“मग मी सकाळभर करू काय?”

“पॉलिश करा. पॉलिश ओरडत नाही.”

त्या दिवसापासून आमच्याकडे गुरुवार हा पॉलिशचा वार झाला. आज कारखाना शहराबाहेर गेला, पलीकडे एकही बाळ झोपलेलं नाही, तरी गुरुवारी सकाळी आमच्याकडे यंत्र सुरू होत नाही. नवीन कामगार विचारतात, ‘शेठ, हे काय?’ मी म्हणतो, ‘घराण्याची पद्धत आहे.’

तर मंडळी, माझे कान लहानपणापासून तिखट. त्यात धंदा असा, की लाकडावर टिचकी मारून आतून भरीव आहे की पोकळ हे ओळखायचं. त्यामुळे पॉलिश करता करता मी पलीकडचं सगळं ऐकत असे. आणि ऐकण्यासारखं पुष्कळ होतं, कारण केंद्राची त्या वेळची एक पद्धत होती. बाळाचं वजन मोठ्याने पुकारायचं.

ही कल्पना तेव्हाच्या अध्यक्षांची, आमच्या कापडवाल्या शेठची. ते आज हयात नाहीत. दिलदार माणूस, हेतू अगदी चांगला. त्यांचं म्हणणं, चार जणींत वजन पुकारलं की आयांना हुरूप येईल. महिन्यात ज्या बाळाचं वजन सगळ्यांत चांगलं, त्याला शेठच्या दुकानातलं नवं दुपटं आणि बाहेरच्या फळ्यावर त्याचा फोटो. ताट लोखंडी आणि थंडगार, म्हणून बाळ गुंडाळलेल्या दुपट्यासकटच ताटात ठेवायचं. ताई पुकारायच्या, “शिंपिणीचा मुलगा, सहा किलो!” की टाळ्या. आणि टाळ्या ओसरल्या की फळीआडून मला खरा कार्यक्रम ऐकू यायचा.

“सहाच का गं? माझ्या मोठ्याचं या वयात सात होतं.”

“तुझा मोठा आता दारातून आडवा आत येतो, ते बघतोच आहोत आम्ही.”

एक आजी तर दर वेळी भांडायच्या. “ताई, सुई नीट बघा. आमच्या नातवाला कमी दाखवायची खोडच आहे तुमच्या काट्याला.”

आम्ही अलीकडे हसून लोटपोट. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. ज्यांच्या बाळांचं वजन कमी, त्या आयांचा आवाज मला कधी ऐकू यायचा नाही. मला वाटायचं, काही बायका कमी बोलतात.

आणखी एक पद्धत होती, तीही सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डॉक्टरसाहेब तेव्हा एकटे, आणि रांग मोठी. म्हणून असं ठरलं होतं, की ज्या बाळाचं वजन घटलं असेल तेच डॉक्टरांच्या टेबलाशी न्यायचं. वजन वाढलेलं बाळ लस घेऊन घरी. म्हणजे काटा हाच दरवाजा. काट्याने सांगितलं तरच डॉक्टरांनी बघायचं. आणि काटा सांगत होता, सगळं छान चाललंय. आमच्या केंद्राची वजनं अशी काही वाढत होती, की समितीने आमचं उदाहरण दुसऱ्या वस्त्यांना दिलं!

आता समोर पहिल्या रांगेत डाव्या टोकाला आमच्या इस्त्रीवाल्या मावशी बसल्या आहेत. काल मी त्यांच्याकडे गेलो होतो. म्हटलं, मावशी, तुमच्या मुलीचं सांगू का? त्यांनी इस्त्री उभी केली. म्हणाल्या, “सांगा. पण रडवायला सांगू नका, कळायला सांगा.”

मावशींना पहिली मुलगी झाली होती. उन्हाळ्यात तिला जुलाब लागले. थांबायचे, पुन्हा लागायचे. पण दर गुरुवारी ताटात ठेवली की सुई पुढेच. टाळ्या पडायच्या, लस असली तर टोचली जायची, मुलगी घरी. डॉक्टरांच्या टेबलाशी ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्यात रडायची ताकद उरली नव्हती. मोठ्या दवाखान्यात हलवली. ती परत आली नाही.

नंतर एक दिवस मावशी केंद्रात आल्या. गुरुवार नव्हता, खोली रिकामी होती. ताईंसमोर त्यांनी काहीतरी ठेवलं. लोखंड लाकडावर ठेवल्याचा आवाज मला ओळखता येतो. मग मावशींचा आवाज आला.

“ताई, हे कुलूप मी तिच्या दुपट्यात ठेवत होते. सगळ्या जणी टाळ्या वाजवायच्या ना.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

पुढचा गुरुवार. मी पॉलिशला बसलो होतो, कान पलीकडे. पण त्या दिवशी तर खास कान होता, कारण रांगेत आमचं बाळ होतं. आमचं पहिलं. आमच्या मंडळी त्याला घेऊन गेल्या होत्या. त्याआधीच्या गुरुवारी त्याचं वजन असं दणदणीत पुकारलं गेलं होतं, की मी सगळ्या कारागिरांना चहा पाजला होता. तर पलीकडे वजनं चालू होती. धोब्याची मुलगी, इतके. शिंपिणीचा मुलगा, इतके. आणि मग ताई म्हणाल्या, “सुतारांचं बाळ...”

आणि थांबल्या.

मंडळी, मी त्या फळीआडून हजार आवाज ऐकले असतील. पण त्या दिवशी जो आवाज आला नाही, तो मला अजून ऐकू येतो. आकडा नाही, टाळ्या नाहीत. थोड्या वेळाने ताई स्वतः आमच्या दुकानात आल्या. कारागिरांना म्हणाल्या, “जरा बाहेर जाऊन या.” मग त्यांनी मूठ उघडली. आत एक पितळी बिजागरी होती. दरवाजाची, मोठी, हातात घेतली की जाणवेल अशी वजनदार.

“तुमच्याकडची दिसते,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडचीच होती. जोडीतली दुसरी समोर खुंटीला लटकत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला दरडावलं, “घरात आवाज चढवायचा नाही. तिने तुमच्यासाठी केलंय. आधी तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका. नुसते कान असून भागत नाही.”

मी विचारलं. आमच्या मंडळी म्हणाल्या, “तुम्ही पलीकडे बसून ऐकता ना. चार माणसांत तुमची मान खाली जाऊ नये म्हणून.”

आमच्या बाळाला वरचं दूध चालू होतं. घरच्या मोठ्या माणसांनी सांगितलं होतं, दाट दूध बाधतं, पाणी घाला. मायेपोटी सांगितलं होतं आणि मायेपोटीच घातलं जात होतं. पोरगं दुधाच्या नावाखाली पाणी पीत होतं, आणि पितळेच्या जोरावर टाळ्या घेत होतं. त्याच दिवशी ताईंनी त्याला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. वेळेवर कळलं. पुढे ते पोरगं असं सुधारलं, की आज आमच्या कारखान्याचा निम्मा कारभार बघतं, आणि मला ‘बाबा, तुम्ही आराम करा’ म्हणतं. तो तिकडे खांबामागे लपलाय. लपू दे.

आमचं बाळ वाचलं. मावशींचं गेलं. फरक काय होता? आमचं बाळ नंतर ताटात आलं, एवढाच. त्या मधल्या दिवसांत काटा तोच होता, ताई त्याच होत्या. फक्त त्यांनी आता प्रत्येक बाळ हातात घेऊन चाचपायला सुरुवात केली होती.

मग समितीची बैठक झाली. ती केंद्रातच झाली, आणि पार्टिशन तेच होतं, त्यामुळे मीही हजर होतो असं म्हणायला हरकत नाही. एक सदस्य फार तापले होते. म्हणाले, “या बायकांनी समितीला फसवलंय. नावं काढा आणि बाहेरच्या फळ्यावर लावा.”

ताई म्हणाल्या, “लावा. पहिलं नाव माझं घाला. वजनं मीच ओरडत होते.”

मग शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो ताई, वजन पुकारलंच नाही तर केंद्र चांगलं चाललंय हे लोकांना कळणार कसं?”

“शेठ, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कपडे अंगाला लावून बघतं, तिथे पडदा कशाला लावलाय?”

“म्हणजे काय! उघड्यावर कोण कपडे उतरवेल?”

“मग माझ्या आयांनी उघड्यावर का उतरवावं?”

शेठ दिलदार होते हे मी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातलं सगळ्यांत चांगलं पडद्याचं कापड पाठवून दिलं. ताईंनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, “मला पडदा नको, दार हवं. पडदा वाऱ्याने उडतो, आणि सासूने तर हमखास.”

ते दार मी केलं. खोलीच्या कोपऱ्यात चांगल्या जाड फळ्यांचा आडोसा, आत काटा, एक स्टूल, आणि पुढे दार. आणि दाराला बिजागऱ्या कोणत्या? त्याच. एक ताईंनी माझ्या हातावर ठेवलेली, एक खुंटीवरची. आजही ते दार त्याच जोडीवर फिरतं. तेल मी स्वतः घालतो.

तेव्हापासून केंद्राची पद्धत बदलली ती अशी. आई आणि बाळ, दोघंच आत. दार बंद. बाळाचे सगळे कपडे काढायचे. ताटात उबदार फडकं. वजन आईला सांगायचं, आणि तिच्या कानाशी सांगायचं. वजन वाढो की घटो, प्रत्येक बाळाने डॉक्टरांच्या टेबलावरून जायचं. डॉक्टरसाहेब, तेव्हा तुमचा गुरुवार दुप्पट लांब झाला, आणि तुम्ही कधी कुरकुर केली नाही, हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो.

आणि काट्याशेजारी ताईंनी एक भांडं ठेवलं. हे बघा, हे. मुद्दाम आणलंय मी. साधं स्टीलचं, खोलगट. आई आत आली की ताई म्हणायच्या, “जे जड असेल ते यात ठेव. कोणी विचारणार नाही.” एवढंच. भांड्याच्या तळाशी त्यांनी घडी घालून जाड फडकं ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, फडकं कशाला? म्हणाल्या, “आवाज होऊ नये म्हणून. पलीकडे सुतार बसलाय.”

पहिल्या महिन्यात त्या भांड्यात काय काय निघालं! टॉर्चचे सेल, किल्ल्यांचा जुडगा, भाजीच्या तराजूचं माप. माझ्याच दुकानातली एक पितळी कडी निघाली, ती कशी गेली ते मला आजतागायत माहीत नाही. काट्याशी भांडणाऱ्या त्या आजी आठवतात? त्या स्वतः नातवाला घेऊन आत गेल्या आणि चष्म्याच्या डबीतून एक दगड काढून ठेवला. वर ताईंना म्हणाल्या, “तरी मी सांगत होते, तुमचा काटा चुकतो!”

हळूहळू लोखंड संपलं. पण आया भांड्याशी थांबतच राहिल्या. आता जे यायचं ते दुसरंच असायचं. ‘ताई, दूध येत नाही.’ ‘ताई, मुलगी झाली म्हणून घरात बोलत नाहीत.’ ‘ताई, सगळ्यांचं जेवून झाल्यावर मी जेवते, तेव्हा उरतं ते.’ हे मला फळीआडून ऐकू आलेलं नाही. दार मी इतकं घट्ट बसवलं होतं, की माझेच कान बंद झाले. या बायका आमच्या घरी येऊन सांगायच्या, तेव्हा कळायचं. आणि इस्त्रीवाल्या मावशी! त्या दर गुरुवारी इस्त्री बंद ठेवून केंद्राच्या बाहेर उभ्या राहायला लागल्या. जी आई दारापर्यंत येऊन माघारी वळेल, तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, “आत जा. आत टाळ्या नाहीत.” आजही त्याच उभ्या असतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही, आणि कोणी काढूही शकत नाही.

तर असा हा इतिहास. आता वर्तमानाकडे येतो, आणि अध्यक्षसाहेबांची क्षमा मागून येतो.

मोठ्या रस्त्यापलीकडे सरकारी दवाखान्याची नवी इमारत झाली आहे. छान झाली आहे. मी टोमणा मारत नाही, खरंच छान आहे. लिफ्ट आहे, बसायला खुर्च्या आहेत, स्वच्छता आहे. समितीचा विचार असा, की ताई निवृत्त होताहेत, तर त्याच निमित्ताने आमचं केंद्र तिकडे विलीन करावं. मी म्हटलं, आधी बघून यावं. सुनेला आणि नातवाला घेऊन गेलो.

तिथे बाळाचं वजन मोठ्या दालनात होतं. काटा नवा, विजेवरचा. आणि वर भिंतीवर एक मोठा पडदा, त्यावर बाळाचं नाव आणि वजन. वाढलं तर हिरवं, घटलं तर लाल. दालनातल्या सगळ्यांनी बघावं असं. मी खुर्चीवर बसलो होतो. सवयीप्रमाणे ऐकत होतो. आमच्या पुढे एक तरुण आई होती. तिने बाळ गुंडाळलेलं तसंच काट्यावर ठेवलं.

आणि ‘खट्’ आवाज झाला.

बारीकसा. तिथे कोणालाही ऐकू गेला नाही. पण मंडळी, बाळ ही मऊ वस्तू आहे. बाळ ठेवलं की खट् वाजत नाही.

वर हिरवा आकडा उमटला. शेजारच्या बाई म्हणाल्या, “बघ कसं बाळसं धरलंय!” ती आई हसली. मी ते हसू ओळखलं, आमच्या घरात पाहिलं होतं. गुरुवार सोडून आपले डॉक्टरसाहेब तिथेच बसतात. मी उठून त्यांच्याकडे गेलो, त्यांना बाजूला घेतलं. त्या बाळाचं पुन्हा वजन झालं, दार लावून. काय निघालं ते कोणी विचारलं नाही. बाळावर उपचार चालू आहेत, आणि ते सुधारतंय. डॉक्टरसाहेब मान हलवताहेत, म्हणजे मी वाढवून सांगत नाहीये.

आता सांगा, त्या इमारतीत वाईट माणसं आहेत का? नाहीत. आमचे शेठ वाईट होते का? नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने जी चूक एकदा केली, तीच चूक आता विजेवर चालते आहे.

मघाशी, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, आत चहा चालला होता. मी बिस्किटाच्या ताटापाशी होतो. अध्यक्षसाहेब खिशावर हात ठेवून सचिवांना हळूच म्हणाले, “विलीनीकरणाचा कागद आणलाय. शेवटी वाचून टाकू, टाळ्यांमध्ये निघून जाईल.” साहेब, रागावू नका. आपण अगदी हळू बोललात. आपली काही चूक नाही, दोष कानांचा आहे.

साहेब, मी भांडायला उभा नाही. पण मागे हटायलाही उभा नाही. जे माझ्या हातात आहे ते मी करून बसलोय. ते गोदाम आता माझं आहे, आणि वकिलांना बोलावून मी ती खोली केंद्राच्या नावे करून टाकली आहे. माझ्यानंतर खांबामागच्या चिरंजीवांनाही ती परत घेता येणार नाही. मोठ्या दवाखान्यातही आमची माणसं येऊन काट्याभोवती आडोसा आणि दार बसवून जातील. बिजागऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. ज्या आयांना तिकडे जायचं त्या तिकडे जातील. पण ज्या आमच्या दारापर्यंत येऊन माघारी वळतात, त्या मोठा रस्ता ओलांडून जाणार आहेत का? त्यांना कोण धरून आणणार? तिथे मावशी कुठे आहेत?

मात्र लस मला लाकडात कोरता येत नाही. ती पेटी गुरुवारी तुमच्याकडून यायला हवी. डॉक्टर तुमचे. आणि नव्या सिस्टर, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांची नेमणूक तुमच्या हातात. गेले काही महिने त्या आपल्या सुट्टीच्या दिवशी येऊन ताईंच्या हाताखाली शिकताहेत. मी विचारलं, काय शिकलात? म्हणाल्या, “हळू बोलायला.” साहेब, अशी सिस्टर हातची घालवू नका.

परवा मी ताईंकडे गेलो होतो. म्हटलं, ताई, निरोपाला काय भेट देऊ? शिसवी खुर्ची करू का? म्हणाल्या, “दादा, आता मला बसायचं नाहीये. गुरुवारचं काय झालं ते सांगा आधी.” मी म्हटलं, सांगतो. सभागृहात सगळ्यांसमोर सांगतो. म्हणून ताई, आज मी तुम्हाला भेट आणलेली नाही. उत्तर आणायला उभा राहिलोय.

अध्यक्षसाहेब, हे भांडं मी आपल्या टेबलावर ठेवतो. तळाशी फडकं आहे, आवाज होणार नाही. खिशात जे जड असेल ते यात ठेवा. कोणी विचारणार नाही.

साहेबांचा हात खिशाकडे गेला... रुमाल काढला. हरकत नाही, उकडतंय खरं. भांडं आहे तिथेच.

मी आता सभेकडे तोंड करून उभा राहतो आणि मागे वळून बघत नाही. आमच्या केंद्राचा तसा नियमच आहे.

आता चिठ्ठीतल्या ‘थोडक्यात’चा मान राखतो. ताई, माझ्या घरात आज जे हसणं-खिदळणं आहे, त्यातला पहिला आवाज तुमच्या हातून वाचलेला आहे. तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि मी तोंडाळ माणूस असून नाहीत, यावरून काय ते समजा. डॉक्टरसाहेबांचे आभार. केंद्र मागायला गालिच्यावर जाऊन बसलेल्या त्या सगळ्या आयांचे आभार, आणि गालिच्याची माफी. इस्त्रीवाल्या मावशींचे आभार मी मानत नाही. त्यांनी मला सांगायची परवानगी दिली, तिच्यापुढे आभार फार हलके आहेत. बोलताना जीभ जिथे रंध्यासारखी चालली असेल, कोणाच्या मानाचा टवका उडाला असेल, तर तो माझ्या धंद्याचा दोष समजून पोटात घाला.

थांबा. माझ्या मागे काहीतरी झालंय. आवाज काहीच आला नाही, फडकं चांगलं जाड आहे. पण पहिल्या रांगेत इस्त्रीवाल्या मावशी टेबलाकडे बघताहेत, आणि त्यांनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच मांडीवर परत ठेवलेत.

मी विचारणार नाही.

गुरुवारी सकाळी दार नेहमीच्या वेळेला उघडेल. आमच्याकडे त्या दिवशी पॉलिश आहे.